वेशीवरची शाळा

सीमाभागातल्या एखाद्या शाळेसमोर नवखा पाहुणा उभा राहिला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ही शाळा कुठल्या माध्यमाची? मराठी म्हटलं की तो समाधानानं मान डोलावतो, कन्नड म्हटलं की थोडा गप्प होतो, इंग्रजी म्हटलं की फी विचारतो. आत मुलांना काय मिळतं, बाई मुलांना नावानं ओळखतात का, मागच्या बाकावरचं पोर वर्षभरात एकदा तरी तोंड उघडतं का, हे विचारणारा माणूस मला नोकरीच्या सगळ्या वर्षांत फार क्वचित भेटला.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव, निपाणी, खानापूर हा मुलूख तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. त्याला आता सत्तर वर्षं होत आली. या काळात इथल्या माणसांनी मोर्चे काढले, तुरुंग भोगले, लाठ्या खाल्ल्या. भाषेवर जीव लावणाऱ्या माणसांमध्येच मी वाढलो आणि त्याचा मला अभिमान आहे. पण एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. शाळेच्या दारावरच्या फलकासाठी आपण जितकी शक्ती लावली तिच्या दशांशही शक्ती त्या दाराच्या आत लावली नाही. मराठी शाळा टिकली पाहिजे असं आपण म्हणतो, आणि ते बरोबरच आहे. ती कशासाठी टिकली पाहिजे याचं उत्तर मात्र वर्गातच द्यावं लागतं, रोज, सकाळी दहा वाजता, हजेरी घेता घेता.

माझ्यापुरतं ते उत्तर एकाच गोष्टीत आहे. चांगल्या शिक्षणाच्या मुळाशी एकच मूल्य असतं: मुलाला कमी न लेखणं. अभ्यासक्रम, इमारत, संगणक, निकालाची टक्केवारी या सगळ्या गोष्टी त्यानंतर येतात. ऐकायला हे सोपं वाटतं, पण आमच्याकडे मूल शाळेच्या पायरीवर पाय ठेवतं तेव्हा त्याला कमी लेखण्याची कारणं आधीच तयार असतात. घरातली बोली अर्धी कानडी, अर्धी मराठी. आई विड्या वळायला, बाप ऊसतोडीला किंवा हायवेवरच्या ढाब्यावर. आडनाव सांगितलं की गल्ली कळते, गल्ली कळली की जात कळते. मुलगी असेल तर सातवीनंतर तिचं काय होणार हे पहिलीतच ठरलेलं. एवढी माहिती हाताशी आली की काही शिक्षकांना मुलाकडे बघायची गरजच उरत नाही.

चौथीतली एक मुलगी मला आठवते. प्रगतिपत्रकात गणितापुढे लाल शेरा होता. निपाणीच्या आजूबाजूला कितीतरी घरांत दिसतं तेच तिच्या घरात होतं: आईच्या मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि मापात कापलेली पानं, बोटं थांबत नाहीत आणि तोंडानं पोरांना अभ्यासाला बसवणं चालू. पोरंही हाताखाली असतात; कुणी पानं कापतं, कुणी दोरा बांधतं. मी त्या मुलीला सहज विचारलं, "काल आईनं किती वळल्या गं?" म्हणाली, "सातशे. मुकादमानं पन्नास नापास केल्या." मी म्हटलं, "मग बंडलं किती झाली?" पंचवीसाचं एक बंडल. क्षणभरही न थांबता ती म्हणाली, "सव्वीस की, सर." त्या "की"मध्ये, एवढंही कळत नाही का, असा सूर होता. मग मी तिच्या वहीत ६५० भागिले २५ असं लिहिलं. ती थबकली, पेन्सिलीचं टोक चावू लागली, आणि थोड्या वेळानं म्हणाली, "हे आम्हांला येत नाही."

दुसऱ्या दिवशी फळ्यावर मी भागाकाराचं चिन्ह काढलंच नाही, बंडलं काढली. अख्खा वर्ग मुकादम झाला. कोण किती नापास करतो, उरलेल्यांची बंडलं किती, सुट्या किती राहिल्या. सुट्या राहिलेल्या विड्यांना पुस्तकात बाकी म्हणतात हे शेवटी सांगितलं. भागाकार तिला येतच होता. तो तिला येतो हे शाळेला ठाऊक नव्हतं.

पुढे कळलं की अशीच गोष्ट जगाच्या दुसऱ्या टोकाला नीट तपासली गेली आहे. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात तेरेझिन्हा नुनेस, डेव्हिड कॅराहर आणि अनालुसिया श्लीमन या संशोधकांनी रस्त्यावर नारळ आणि फळं विकणाऱ्या मुलांचा हिशेब तपासला आणि १९८५ साली तो अभ्यास प्रसिद्ध केला. गाड्यापाशी उभं राहून गिऱ्हाइकासारखं विचारलं तेव्हा या मुलांची सुमारे ९८ टक्के उत्तरं बरोबर आली. तीच आकडेमोड कागदावर, नुसत्या चिन्हांत दिली तेव्हा ३७ टक्क्यांच्या आसपास. मुलं तीच, डोकी तीच, आकडेही तेच होते. ते वाचताना मला पेन्सिल चावणारी ती मुलगी दिसत होती. जगातल्या किती वर्गांत किती मुलं अशी "आम्हांला येत नाही" म्हणून बसली असतील, या विचारानं मला आजही अस्वस्थ व्हायला होतं.

गणिताचं जे, तेच भाषेचं. आमच्या बोलीला पुण्याचा माणूस हसतो आणि धारवाडचा माणूसही हसतो. वाक्याच्या शेवटी येणारा "की", हेल काढून विचारलेला प्रश्न, अक्का-अण्णा-तम्मा, मराठी क्रियापदाला लागलेलं कानडी वळण. शाळेत आलेल्या मुलाला पहिल्या आठवड्यातच कळतं की आपण बोलतो ते अशुद्ध आहे. मग ते बोलायचंच बंद होतं. पाचवीपर्यंत गप्प बसलेल्या मुलाला सहावीत निबंध लिहायला सांगायचा आणि त्याला विचार करता येत नाही म्हणून तक्रार करायची, हा अन्याय मी फार जवळून पाहिला आहे. प्रमाण मराठी शिकवू नये असं मी म्हणत नाही. ती शिकवलीच पाहिजे, नेटानं शिकवली पाहिजे, कारण पुस्तकं, अर्ज, परीक्षा सगळं तिच्यात आहे. पण तिच्यापर्यंत जायचा रस्ता मुलाच्या बोलीतूनच जातो.

आणि या बोलीची ताकद केवढी आहे याचा पुरावा शोधायला लांब जावं लागत नाही. निपाणीचे महादेव मोरे आयुष्यभर याच गावात राहिले, पिठाची गिरणी चालवली, आणि गिरणीच्या घरघरीत बसून गॅरेजमधली पोरं, ड्रायव्हर, हमाल, वखारीतल्या बाया मराठी कथा-कादंबरीत आणल्या. २०२४ साली ते गेले. त्यांच्या पात्रांची भाषा आमच्या वर्गातल्या मुलांच्या वहीत उतरली असती तर तिच्यावर लाल शाईचे गोल पडले असते. बेळगावच्या प्रकाश नारायण संतांनी लंपन नावाचा मुलगा घडवला. "वनवास", "शारदा संगीत", "पंखा", "झुंबर" या चार पुस्तकांत तो आमच्याच हेलात विचार करतो, आणि महाराष्ट्रभरच्या वाचकांनी त्याला डोक्यावर घेतलं. संतांच्या आई म्हणजे कवयित्री इंदिरा संत. बेळगावच्या ट्रेनिंग कॉलेजच्या त्या प्राचार्य होत्या, म्हणजे प्राथमिक शाळांत शिकवायला जाणारे शिक्षक घडवणं हे त्यांचं रोजचं काम होतं. त्यांच्या कवितेविषयी पुष्कळ लिहिलं गेलं आहे, "गर्भरेशीम" या संग्रहाला १९८४ साली साहित्य अकादमीचा पुरस्कारही मिळाला. त्यांच्या शिक्षकपणाविषयी मात्र आपण फार कमी बोलतो. एवढी मोठी कवयित्री खेड्यातल्या शिक्षकांना शिकवत होती, ही गोष्ट मला त्या पुरस्काराइतकीच मोलाची वाटते.

मात्र शिक्षणाचा विचार करताना माझ्या मनात सगळ्यांत आधी जे नाव येतं ते कवीचं किंवा कथाकाराचं नाही. ते जे. पी. नाईकांचं आहे.

निपाणीहून मुदाळ तिट्ट्यामार्गे गारगोटीला जाता येतं, आणि संकेश्वरहून गडहिंग्लजवरून आजऱ्याला. या आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीत ५ सप्टेंबर १९०७ रोजी विठ्ठल हरी घोटगे नावाचा मुलगा जन्मला. पुढे जयंत पांडुरंग नाईक या नावानं देश त्याला ओळखू लागला. स्वातंत्र्याच्या चळवळीत त्यांना तुरुंगवास झाला तो बेळ्ळारीला. तुरुंगात माणूस काय करतो? नाईकांनी तिथे कन्नड शिकून घेतलं, आजारी कैद्यांची सेवा केली. सुटल्यावर आपल्या मराठी मुलखाकडे न वळता ते धारवाडजवळच्या उप्पिन बेटगेरी या कन्नड खेड्यात जाऊन राहिले. तिथे शाळा, आरोग्य, स्वच्छता, शेती अशा सगळ्या कामांत त्यांनी स्वतःला घातलं. कन्नड शिका असं त्यांना कुणी फर्मान काढून सांगितलं नव्हतं. ज्या माणसांत काम करायचं त्यांची भाषा आली पाहिजे, एवढंच त्यांना कळत होतं.

सीमाभागातल्या शिक्षकानं हे चरित्र पुन्हा पुन्हा वाचावं असं मला वाटतं. पुढे नाईक कोल्हापूर संस्थानात आले, गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत त्यांचा हात होता, आणि १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी शिक्षण आयोगाचे ते सदस्य-सचिव होते. शेजारच्या सगळ्या मुलांनी, मग ती कुणाच्याही घरची असोत, एकाच सार्वजनिक शाळेत शिकावं हा विचार त्या आयोगानं देशापुढे ठेवला, आणि राष्ट्रीय उत्पन्नाचा ६ टक्के वाटा शिक्षणावर खर्च व्हावा असं सुचवलं. दोन्ही गोष्टी अजून झालेल्या नाहीत. १९७५ साली नाईकांनी समता, गुणवत्ता आणि संख्या या तीन बाजूंच्या, कधी हाती न लागणाऱ्या त्रिकोणावर पुस्तक लिहिलं. युनेस्कोनं जगातल्या शंभर शिक्षणचिंतकांची चरित्रं प्रसिद्ध केली, त्यांत गांधीजी आणि टागोरांच्या बरोबरीनं बहिरेवाडीच्या या माणसाचं नाव आहे. आमच्या किती शाळांच्या भिंतीवर त्यांचा फोटो आहे? शिक्षकदिन ५ सप्टेंबरला असतो, नाईकांचा वाढदिवसही त्याच दिवशी. भाषणांत त्यांचं नाव मी क्वचितच ऐकलं.

त्या त्रिकोणाकडे मी खेड्यातल्या शिक्षकाच्या नजरेनं पाहतो. संख्या बरीचशी साधली. आज आमच्या गावात शाळेत नाव नाही असं मूल शोधावं लागेल. गुणवत्तेच्या नावानं परीक्षा वाढल्या, अहवाल वाढले. राहिली ती समता. सहा तास एका वर्गात बसूनही काही मुलांना आपण तिथले आहोत असं वाटत नाही, याची नोंद कुठल्याच रकान्यात होत नाही. ती शिक्षकाच्या नजरेलाच दिसते.

या मुलखात समतेचा हा धडा आधी कुणी दिला हे पाहायला शंभर वर्षं मागे जावं लागतं. सीमा तेव्हाही होती, फक्त वेगळी. कागल कोल्हापूर संस्थानात आणि निपाणी ब्रिटिशांच्या बेळगाव जिल्ह्यात. राजर्षी शाहूंनी १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड होता. त्याच शाहूंच्या उपस्थितीत २१ आणि २२ मार्च १९२० रोजी माणगावला बहिष्कृत वर्गाची परिषद भरली, अध्यक्ष तरुण भीमराव आंबेडकर होते. पाच वर्षांनी, १० आणि ११ एप्रिल १९२५ रोजी बाबासाहेब निपाणीत आले, मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषदेचे अध्यक्ष म्हणून. डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन झालं होतं, त्याची आठवण आम्ही मोठ्या थाटानं जागवतो. निपाणीच्या परिषदेची शंभरी त्या मानानं फारच शांतपणे गेली.

बाबासाहेबांच्या कामात मला शिक्षक म्हणून सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते वसतिगृह. बहिष्कृत हितकारिणी सभेनं १९२५ च्या सुरुवातीला सोलापूरला वसतिगृह उघडलं. पुढे १९२८ नंतरच्या वसतिगृहांमध्ये एक धारवाडला होतं. धारवाडच्या त्या वसतिगृहाचे अधीक्षक म्हणून निपाणीच्या वराळे घराण्यातले बळवंतराव वराळे काम पाहत. ते १९३७ साली मुंबई कायदेमंडळावर निवडून आले, आणि पुढे बाबासाहेबांनी त्यांना औरंगाबादला कॉलेजच्या कामासाठी बोलावून घेतलं. त्यांचे नातू प्रसन्न वराळे यांचा जन्म निपाणीचा. २०२४ साली ते सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले.

वसतिगृहच का? कारण शिकण्याचं खरं काय होणार हे शाळा सुटल्यावरच्या तासांत ठरतं. कंदिलाला तेल आहे का, पोटात भाकरी आहे का, अंग टाकायला जागा आहे का, आणि "वाच रे" म्हणणारा मोठा माणूस जवळ आहे का? पुस्तकाआधी या चार गोष्टी द्याव्या लागतात हे त्या माणसांना नेमकं कळलं होतं. म्हणून आजही कुणी शिक्षक "आता आम्ही काय भातच शिजवायचा का?" असं कुरकुरला की मला वाईट वाटतं. कर्नाटकातल्या सरकारी शाळांत अक्षर दासोहाचा गरम भात मिळतो. सगळी पोरं एका पंगतीत, एकाच भांड्यातलं जेवतात. ज्या गावात त्यांचे आजोबा एका विहिरीवर पाणी भरू शकत नव्हते, त्या गावात ही पंगत नागरिकशास्त्राच्या कुठल्याही धड्याहून मोठी आहे. मी माझ्या शिक्षक मित्रांना नेहमी सांगतो, त्या पंगतीत तुम्हीही बसा. वेगळा डबा आणू नका.

शाळेच्या भिंतीबाहेर जाणं हा या मुलखातल्या चांगल्या शिक्षकांचा जणू परिपाठच आहे. १९१६ साली बेळगावात सात शिक्षकांनी एकत्र येऊन इंग्रजी शिक्षणाची शाळा काढली, तिची पुढे केएलई संस्था झाली. ती मंडळी कन्नड शिक्षणासाठी झटत होती म्हणून आम्ही मराठी माणसांनी त्यांच्याकडे पाठ फिरवावी, हे मला कधीच पटलं नाही. हातातली चांगली नोकरी सोडून मुलांसाठी आयुष्य देणाऱ्याची भाषा कुठली हे आधी विचारायचं का? याच बेळगावात चित्रकार के. बी. कुलकर्णी बेनन स्मिथ हायस्कुलात चित्रकला शिकवत आणि शाळेबाहेर त्यांनी चित्रमंदिर उभं केलं. रवी परांजपे तिथलेच विद्यार्थी. शाळांच्या वेळापत्रकात चित्रकलेला आठवड्याचे एकदोन तास मिळतात. एवढ्यावर समाधान मानलं असतं तर ते चित्रमंदिर झालंच नसतं.

निपाणीच्या वेशीवरचं देवचंद कॉलेज बाहेरच्या माणसाला नेहमीच नवलाचं वाटतं. गाव कर्नाटकात, कॉलेज अर्जुननगरला, म्हणजे कागल तालुक्यात, महाराष्ट्रात. तंबाखूचे व्यापारी देवचंद शहा यांच्या नावाचं हे कॉलेज शिवाजी विद्यापीठाला जोडलेलं आहे. पोरं रोज सकाळी एक राज्य ओलांडून वर्गात बसतात आणि दुपारी घरी जाऊन जेवतात. इथे शिकवणारे प्रा. सुभाष जोशी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस तंबाखूच्या वखारीतल्या बायांच्या संघटनेत उतरले. त्या वखारींत शिरल्यावर काय होतं हे निपाणीकरांना सांगायला नको. नाकाडोळ्यांत खाट जातो, ठसका थांबत नाही. आणि बाया त्यात दिवसभर चाळत-पाखडत बसायच्या, मुठीत येईल तेवढ्या मजुरीवर. प्रोफेसरानं वर्गात अर्थशास्त्राच्या किंवा समाजाच्या चार गोष्टी सांगून घरी जाणं सोपं होतं. पण त्याच्याच वर्गातल्या पोरांच्या आया त्या धुळीत बसल्या होत्या. युगांतर या स्त्रियांच्या फिल्म-गटानं १९८२ साली या लढ्यावर "तंबाखू चाकिला ओब आली" हा माहितीपट केला. त्यात वखारीतल्या बाया स्वतः बोलतात, कुणाच्या तोंडानं नव्हे. कधी शाळेत न गेलेल्या बाईनं आपली मजुरी, आपले तास, आपला मान यांचा हिशेब चारचौघांत उभं राहून मांडणं, याला शिक्षण म्हणायचं नाही तर कशाला?

प्रत्येक शिक्षकानं चळवळीत उतरावं अशी माझी अपेक्षा नाही. प्रत्येकाचा पिंड वेगळा. पण आपल्या वर्गातलं मूल शाळा सुटल्यावर कुठल्या धुळीत जातं, एवढं तरी प्रत्येक शिक्षकाला ठाऊक असावं. वर्षातून एकदा तरी प्रत्येक घरी जाऊन ओसरीवर बसावं. चहाच्या एका पेल्यात मुलाविषयी जे कळतं ते वर्षभराच्या चाचण्यांत कळत नाही.

आता आजचं. सकाळी आठला गावाच्या तिकटीवर उभं राहा. पिवळ्या बस येतात, इंग्रजी शाळांची नावं लिहिलेल्या, आणि गावातली निम्मी पोरं घेऊन जातात. पालकांना मी दोष देत नाही. पोरीच्या आईला वाटतं, आपल्यासारखं विड्या वळणं तिच्या नशिबी नको, आणि त्यावर तिला एकच उतारा ठाऊक आहे. तिला भाषाभिमानाची व्याख्यानं देऊन काही साधणार नाही. मराठी शाळेतलं मूल प्रश्न विचारतं, वाचतं, न घाबरता बोलतं, हे तिच्या डोळ्यांना दिसलं तरच ती थांबेल. आणि हे दिसायचं तर वर्गाला शिक्षक हवा. जागा रिकाम्या ठेवायच्या, अतिथी शिक्षकांवर वर्षानुवर्षं गाडी ढकलायची, असलेल्या शिक्षकाला एका हातात खडू आणि दुसऱ्या हातात सर्वेक्षणाचे कागद द्यायचे, आणि मग पट कमी झाला म्हणून शाळा बंद करायची, हा व्यवहार कुठल्याही भाषेच्या मुलावर अन्यायच आहे. तो कन्नड शाळांवरही होतो. या बाबतीत दोन्ही शाळांचं दुखणं एक आहे, हे आपण अजून मोकळेपणानं मान्य केलेलं नाही.

कन्नडबद्दलही मोकळेपणानं बोलतो. २०१५ च्या कायद्यानं कर्नाटकातल्या शाळांत कन्नड ही पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून सक्तीची झाली. भाषा सक्तीनं लादली की मुलाच्या मनात तिच्याविषयी अढी बसते, हे मी वर्गात पाहिलं आहे. पण तीच मुलं आठवडी बाजारात कन्नडमधून भाव करतात, कन्नड सिनेमातली गाणी म्हणतात, मावशीच्या गावी गेली की अस्खलित बोलतात. भाषा त्यांच्या तोंडात आहे, अढी फक्त पुस्तकाशी आहे. मराठीतून शिकण्याचा हक्क आम्ही सोडणार नाही, सोडूही नये. पण त्याच मुलांना बसवण्णांची वचनं कळावीत, बेंद्र्यांची कविता कळावी असंही मला मनापासून वाटतं. दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे धारवाडचे, घरात मराठी बोलणारे, आणि कन्नडचे एवढे मोठे कवी झाले; ज्ञानपीठ त्यांना कन्नड काव्यासाठी मिळालं. दोन भाषांच्या मधोमध जन्मणं हे नशिबाचं देणं आहे. शाळेनं त्याचं ओझं करून टाकू नये.

आमच्या भागातल्या पुष्कळ गावांत सरकारी मराठी शाळा आणि सरकारी कन्नड शाळा एकाच आवारात किंवा एका भिंतीच्या अंतरावर आहेत. दोन प्रार्थना होतात, दोन घंटा वाजतात, मैदान एकच. मधल्या सुट्टीत पोरं एकत्र खेळतात आणि घंटा झाली की वेगळ्या दारांनी आत जातात. मला फार दिवसांपासून वाटतं की आठवड्यातून एक तास या दोन्ही शाळांची मुलं एकत्र बसवावीत. एकानं आपल्या आजीकडून ऐकलेली मराठी गोष्ट सांगावी, दुसऱ्यानं कन्नड. कुठलं पुस्तक नको, परीक्षा नको, सरकारी परिपत्रकाची वाट बघायला नको. दोन मुख्याध्यापकांनी बोलून ठरवलं की झालं.

म्हणून या भागातल्या निवृत्त शिक्षकांना माझी विनंती आहे. आपण पेन्शन घेतो, तब्येत बरी आहे, सकाळी फिरायला जातोच. पुढच्या आठवड्यात जवळच्या सरकारी शाळेत जा, मराठी असो की कन्नड, आणि मुख्याध्यापकांना सांगा की मला रोज एक तास द्या, जे पोर वर्गात कधीच बोलत नाही ते माझ्याजवळ बसवा. आणि पालकांना विनंती अशी की शाळा सुधारणा समितीची, एसडीएमसीची, पुढची सभा चुकवू नका. तिथे पंखे आणि संडासाबद्दल जरूर बोला, ते लागतंच. पण एक प्रश्न माझ्याकडूनही विचारा: आमच्या शाळेत अशी किती मुलं आहेत, ज्यांचं नाव अजून कुणी शिक्षकानं हजेरीशिवाय घेतलेलं नाही?